साडीच्या मापाचा अभ्यास

दर वर्षी कॉलेज उघडलं की पहिल्या वर्षाच्या मुलांपुढे मी एक भाषण देते. विषय ठरलेला — अभ्यासाची सवय कशी लावावी. इतक्या वर्षांत ते पाठच झालंय. वीस मिनिटं वाचा. पुढची वीस मिनिटं पुस्तक मिटून, वाचलेलं स्वतःच्या शब्दांत मोठ्याने सांगा. त्यापुढची वीस मिनिटं दुसऱ्या कुणाला तरी प्रश्न विचारू द्या. रोज, ठरल्या वेळी, ठरल्या जागी. मुलं लिहून घेतात. शेवटी एखादी मुलगी विचारतेच, मॅडम, ही पद्धत तुम्हाला कुणी शिकवली? आणि मी म्हणते — कुणी नाही. आमच्या घरात शिकलेलं होतं कोण? माझी मीच शोधून काढली.

हे खोटं आहे. पण मला सांगायचंय ते हे खोटं नव्हे. याच्या पाठीमागे आणखी एक आहे, एका शब्दाचं, आणि ते मी आजवर कुणाजवळ उघड केलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही. आईजवळ नाही, ती जायच्या आधी चार महिने मी तिच्या उशाशी बसून होते तेव्हाही नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण. आणि दुसरं — दुसरं काही सापडत नाही.

आधी घर सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

आम्ही मूळचे खानदेशातले. वडील सुरतेला लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, कामाला आले आणि आम्ही तिथल्या नवागाम वस्तीत राहू लागलो. एक खोली, वर पत्रा, पुढे हातभर रुंदीचा ओटा. वडील आणि माझा मोठा भाऊ, ज्याला मी दादा म्हणते, दोघंही लूमवर. एकाची दिवसपाळी तर दुसऱ्याची रातपाळी, पंधरवड्याने उलट. त्यामुळे आमच्या खोलीत दिवसा कोणी ना कोणी पुरुष झोपलेलाच असायचा. सगळ्या गल्लीचं तेच. भर दुपारी नवागाममध्ये चप्पल फटफटवत चाललं तरी आतून कुणीतरी शिवी हासडायचं. मुलं दबक्या आवाजात खेळायची, बाया दबक्या आवाजात भांडायच्या. अशा घरात कॉलेजचा अभ्यास करायचा म्हणजे ओट्यावर, आणि तोही कुजबुजत.

मी ब्याण्णव साली कॉलेजात गेले. शाळा मराठी, कॉलेज गुजराती. बोलायला गुजराती येत होती — भाजीवाल्याशी भांडण्यापुरती. अर्थशास्त्राचं पुस्तक वाचायला लागले तेव्हा कळलं की भाजीवाल्याची गुजराती वेगळी. मी काय करायचे? पानंच्या पानं पाठ करायचे. अर्थ कळो न कळो, ओळीमागून ओळ. परीक्षेला पहिली ओळ आठवली तर सगळं आठवायचं, नाही आठवली तर कोरा कागद. पहिल्या वर्षाला कशीबशी काठावर पास झाले. वडिलांनी काही विचारलं नाही. पास झाली ना, मग झालं.

त्याच उन्हाळ्यात दादाचं लग्न झालं आणि मंगलावहिनी घरात आली.

ती शिंदखेड्याकडची. माझ्याहून एका वर्षाने मोठी. बारावी झालेली, तीही गावातल्या शाळेत, रोज पायपीट करून. मला बारावीला पंचावन्न टक्के, तिला एकोणसत्तर. हे मला कसं माहीत? लग्नाच्या याद्या झाल्या तेव्हा तिच्या मामाने तिची मार्कशीट घडी उघडून सगळ्यांना दाखवली होती. आमच्याकडच्या मंडळींनी मान डोलावली आणि मार्कशीट पुढे सरकवली. माझ्या हातात आली तेव्हा मी फक्त तो एक आकडा पाहिला.

आमच्या घरात, शेजारच्या घरात, सगळ्याच घरांत बाया धागा कटिंगचं काम करायच्या. बुट्टीच्या साड्या मशीनवरून निघतात तेव्हा त्यांच्या उलट्या बाजूला एका बुट्टीपासून दुसऱ्या बुट्टीपर्यंत सुटे धागे लोंबत असतात. ते कातरीने जपून कापायचे. कापड कापलं गेलं तर साडी परत. साड्यांची गठडी दुपारी यायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जायची. मी सकाळच्या कॉलेजातून एक वाजता यायचे, जेवायचे आणि पुस्तक घेऊन ओट्याच्या एका टोकाला बसायचे. दुसऱ्या टोकाला वहिनी, मांडीवर साडी.

पहिले काही दिवस ती नुसती ऐकत होती. मग एक दिवस तिने विचारलं, हे तू म्हणतेस त्याचा अर्थ काय? मी म्हटलं, गुजरातीत आहे. ती म्हणाली, ते कळलं, पण अर्थ काय? आणि मला सांगता येईना. मी चिडले. माझ्या नाकावर राग असायचाच तेव्हा — आताही आहे, विद्यार्थ्यांना विचारा. ती मात्र चिडली नाही. म्हणाली, ही एक साडी होईपर्यंत तू एक पान वाच, मनात वाच. मग मला सांग.

साडी झाली. तिने घडी घातली, दुसरी घेतली, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आते पुस्तक बंद कर. मनाकडे देखीसन सांग." मनाकडे म्हणजे आमच्या अहिराणीत माझ्याकडे.

झालं ते एवढंच. पहिल्या साडीला वाचायचं. दुसऱ्या साडीला पुस्तक मिटून तिला मराठीत सांगायचं, आमच्या घरच्या अहिराणीत सांगायचं. तिसऱ्या साडीला ती प्रश्न विचारणार. घड्याळ आत, झोपलेल्या माणसाच्या डोक्याशी; बाहेर आमचं घड्याळ म्हणजे साडी. एका दुपारी नऊ-दहा साड्या, म्हणजे तीन पानं. तीन पानं म्हणजे काय मोठं? मी तर आधी एका दुपारी वीस पानं घोकायचे. पण त्या तीन पानांतलं एक अक्षर मी विसरले नाही. जे अहिराणीत सांगता येतं ते मुळात कळलेलंच असतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. वहिनीला होतं. ती शाळेत असताना धाकट्या भावंडांना असंच शिकवायची, शेंगा फोडता फोडता.

तिचे प्रश्न — काय सांगू तुम्हाला! घटत्या उपयोगितेचा नियम होता. एकच वस्तू जास्त जास्त मिळत गेली की प्रत्येक पुढच्या नगातून मिळणारं समाधान कमी होतं. मी घडाघडा सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे लग्नातले मांडे. पहिला मांडा पुरणासकट बोटं चाटून, दुसरा आनंदाने, तिसरा यजमानाला बरं वाटावं म्हणून, आणि चौथा वाढायला आला की पंगतीतला माणूस दोन्ही हात ताटावर आडवे धरतो. मग तिने विचारलं, पण तुमचा नियम साड्यांना का लागू होत नाही? बायकांना दहावी साडीसुद्धा पहिलीइतकीच हवी असते. मी पुस्तक उघडून शोधायला लागले. तिने पुस्तकावर कातर ठेवली. डोक्यात शोध, म्हणाली.

दुसऱ्या वर्षाला मी वर्गात दुसरी आले. काठावरची पोरगी वर्गात दुसरी! वडील त्या दिवशी दिवसपाळीवरून आले ते पेढ्यांचा पुडा घेऊनच. सगळे ओट्यावर होते. मी निकालाचा कागद दाखवला, आणि मग मोठ्या मनाने — त्या दिवशी माझं मन खरंच मोठं होतं — सांगून टाकलं की हे वहिनीमुळे झालं, तिने माझा अभ्यास करून घेतला. वडील हसले. वहिनीकडे बोट करून आईला म्हणाले, "कॉलेजमा हिलेच धाडाले पाहिजे व्हतं."

सगळे हसले. वहिनीने पदर तोंडाला लावला. मीही हसले. काय वाईट बोलले ते? थट्टाच होती. पण माझ्या हातातला पेढा मी खाल्ला नाही, हे मला आठवतं. शेजारच्या मुलाला देऊन टाकला.

तरीही — आणि हे मी मुद्दाम सांगते, म्हणजे मी कशी होते ते नीट कळेल — वहिनीने एक्सटर्नल बी.ए. करावं हे मीच सुचवलं. घरी बसून अभ्यास, वर्षाला एकदा परीक्षा. मीच चौकशी केली, हिंदीतून पेपर लिहिता येतो हे मीच विचारून आले, फॉर्मही मीच आणला. दादा आधी कुरकुरला, मग म्हणाला, घरचं सांभाळून कर काय करायचं ते. जवळच उधन्याला जाऊन तिने फोटो काढला. केस घट्ट बांधलेले, कपाळावर टिकली, आणि हसू दाबलेलं. फॉर्म भरून, फोटो चिकटवून तयार झाला. बारावीच्या दाखल्याची खरी नक्कल, सहीशिक्क्याची, तिच्या माहेरून यायची होती, तेवढ्यासाठी थांबलो. फॉर्म पत्र्याच्या पेटीत ठेवला होता, तिच्या लग्नाच्या शालूवर.

आणि मग प्लेग आला.

चौऱ्याण्णवचा सप्टेंबर. सुरतेत तेव्हा होते त्यांना वेगळं सांगायला नको. दोन दिवसांत आमची गल्ली रिकामी झाली. खाती बंद, दुकानं बंद, तोंडाला रुमाल. जो तो मिळेल त्या गाडीने गावाकडे निघाला. आम्हीही निघालो. आईने भांडी घेतली, वडिलांनी अंथरुणं. वहिनीने एका पिशवीत माझी पुस्तकं घेतली आणि तो फॉर्म. माझी पुस्तकं मी घेतली नव्हती, हे गाडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं.

गावी साड्या नव्हत्या. वहिनीने सुपात शेंगा घेतल्या. एक सूप शेंगा, एक पान. नक्कलही तिथेच तिच्या हाती आली. फॉर्मची शेवटची तारीख ऑक्टोबरच्या सुरुवातीची होती. ती आम्ही गावी असतानाच गेली. माणसं जिवंत आहेत हे काय थोडं होतं?

काही आठवड्यांनी खाती सुरू झाली. वडील आणि दादा परत निघाले, आणि कॉलेज उघडल्याचं कळलं म्हणून मीही. आई आणि वहिनी दिवाळीपर्यंत गावीच राहणार होत्या. एसटीजवळ वहिनीने फॉर्म, नक्कल जोडलेला, माझ्या पिशवीत घातला आणि एवढंच म्हणाली, "फॉर्मनं तेवढं देखजो."

मी पाहिलं. पहिल्याच दिवशी युनिव्हर्सिटीत जाऊन पाहिलं. नोटीसबोर्डावर मोठा कागद होता — रोगराईमुळे सगळ्या फॉर्मच्या तारखा वाढवल्या आहेत, एक्सटर्नलच्यासुद्धा. दिवाळीच्या नंतरची तारीख. मला आनंद झाला. खरंच झाला, हे मी आत्ता जुळवून सांगत नाही. मी ती तारीख माझ्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतली आणि त्याखाली रेघ मारली. दोन मिनिटांचं काम होतं — फॉर्म पिशवीत होता, खिडकी समोर होती. पण त्यावर नवी तारीख घालून तिची सही लागेल की काय, असं मला वाटलं. खिडकीवर विचारलं असतं तर कळलं असतं. उद्या विचारू, म्हटलं.

मग काय झालं? मोठं काही नाही. मोठं काही झालं असतं तर आज सांगायला सोपं गेलं असतं.

मी एकटी तीन आठवडे दोन पुरुषांचा स्वयंपाक करत होते. एकाचा डबा पहाटे, दुसऱ्याचा संध्याकाळी. पाणी भरणं, धुणं, खोली झाडणं. अभ्यास होईना. ओट्यावर बसले की समोर कुणी नसायचं. पुस्तक मिटून भिंतीला सांगून पाहिलं. भिंत विचारत नाही. आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं की मार्चमध्ये असंच असणार. वहिनीचीही परीक्षा असली तर ती स्वतःचा अभ्यास करेल. मग पाणी कोण भरेल? माझं कोण ऐकेल? माझं शेवटचं वर्ष होतं.

हे झालं एक. पण एवढ्यावर मी थांबले तर ही कबुली अर्धी होईल.

त्याच दिवसांत आमच्या अर्थशास्त्राच्या सरांनी माझं एक उत्तर वर्गात वाचून दाखवलं. घटत्या उपयोगितेचा नियम. त्यात मी मांडे लिहिले होते — गुजरातीत कळावेत म्हणून पुरणपोळी केली होती, पण ताटावर आडवे धरलेले दोन्ही हात तसेच ठेवले होते. सगळा वर्ग हसला. सरांनी विचारलं, हे उदाहरण कुठल्या पुस्तकातलं? मी उभी राहिले आणि म्हटलं, माझंच आहे, सर. सर म्हणाले, तू पुढे एम.ए. कर, शिकवायला ये. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी असं म्हणालं होतं. घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीला लागत नव्हते. आणि ओट्यावर आल्यावर एकदम मनात आलं — वहिनीने पेपर लिहिला तर? ती मांडेच लिहील. तिचे आहेत ते. ती पहिल्या वर्षाला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त मार्क काढील, आणि वडील पुन्हा तेच म्हणतील, या वेळी थट्टेत नाही.

मला तिचा हेवा वाटत होता. जिच्यामुळे मी उभी होते तिचाच. दुसरा शब्द नाही.

दिवाळी झाली. वहिनी आणि आई आल्या त्या एका दुपारी. आई आत गेली. वहिनीने पिशवी खाली ठेवली, माठातलं पाणी उभ्यानेच प्यायली आणि ओट्यावर माझ्यासमोर टेकली. माझ्या मांडीवर साडी होती, हातात कातर. वही शेजारीच पडली होती, मागचं पान खाली. शेवटच्या तारखेला आठ दिवस बाकी होते. तिने फार आशेने विचारलं असं नव्हतं. तिने जवळजवळ उत्तरच माझ्या हातात दिलं.

"तारीख ते गयी हुई ना?"

मी एक धागा कापला.

"गयी."

तिने मान हलवली. माझ्या हातातली कातर घेतली, मांडीवरची साडी ओढून घेतली आणि म्हणाली, "जाऊ दे. पुढला सालले भरसूत." मग दोन बोटांनी साडी ताणली आणि मला म्हणाली, वाच.

मी वाचायला लागले. ती ऐकायला लागली. माझं शेवटचं वर्ष, माझा अभ्यास.

एका शब्दाचं खोटं तोंडातून पटकन निघून जातं, असं म्हणतील लोक. जातं. पण मला आठ दिवस मिळाले होते. आठ दुपारी ती माझ्यासमोर बसली होती. रोज तीन पानं, रोज तिचे प्रश्न. कुठल्याही क्षणी मी म्हणू शकले असते, अगं, मी चुकले, तारीख वाढलीय, चल. ती रागावलीही नसती. हसून उठली असती. तिसऱ्या दिवशी मी वहीचं मागचं पान फाडलं आणि चुलीत टाकलं. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात; माझे डोळे तर उघडे होते.

आठव्या दिवशी मी कॉलेजातून थेट युनिव्हर्सिटीत गेले. फॉर्म पिशवीत होता. का नेला होता? माहीत नाही. कदाचित स्वतःला सांगायला की अजून वेळ आहे. खिडकीपुढे फारशी रांग नव्हती. मी तिच्यासमोरून तीनदा गेले. तिसऱ्यांदा आतल्या कारकुनाने मान वर केली आणि विचारलं, "बेन, फॉर्म भरवानुं छे?"

मी म्हटलं, "ना."

घरी येऊन फॉर्म पेटीत शालूवर ठेवून दिला, जसा होता तसा. पुढे कधीतरी वहिनीने त्यावरचा फोटो ओलं फडकं लावून अलगद सोडवून घेतला. कुठे ना कुठे लागेल म्हणाली. नक्कल गादीखाली ठेवली. फॉर्मच्या कागदावर तिने माझ्या प्रश्नांची यादी केली, परीक्षेला हमखास येणाऱ्या.

मार्चमध्ये माझी परीक्षा झाली. त्या दिवसांत वहिनीने मला काडी इकडची तिकडे करू दिली नाही. पाणी तिने भरलं, डबे तिने केले. तिला तेव्हा दिवस गेले होते, पाचवा महिना होता. पेपराच्या दिवशी ती मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला यायची आणि शेवटचा एक प्रश्न विचारायची. मी कॉलेजात पहिली आले. मग एम.ए., मग नोकरी. सर म्हणाले होते तसंच झालं.

पुढचं साल आलं तेव्हा तिच्या मांडीवर पल्लवी होती. त्याच्या पुढच्या सालीही तिने विचारलं नाही. पल्लवी दोन वर्षांची झाल्यावर एकदा, साड्यांची घडी घालता घालता, विचारलं की अजून ते फॉर्म मिळतात का. मी तेव्हा एम.ए. होऊन शिकवायला लागले होते. मी म्हटलं, आता अभ्यासक्रम बदलला, वहिनी. ते खरं होतं. अभ्यासक्रम बदलला होता. नवी पुस्तकं आणायची, एवढाच त्याचा अर्थ; आणि ती आणून देणं माझ्या हातचा मळ होता. मी तेवढं बोलले नाही. तिने बरं म्हटलं आणि घड्या घालत राहिली. नंतर कधी विचारलं नाही.

वीस वर्षांची होतीस, असं माझ्या वतीने कुणी म्हणू नये. ती एकवीसची होती.

आता शेवटचं. पल्लवी बारावी झाली आणि आमच्याच कॉलेजात आली. पहिल्या दिवशी आईवडिलांनाही बोलावतात. दादाला सुट्टी नव्हती, वहिनी आली. मी व्यासपीठावर उभी राहिले तेव्हा ती तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसलेली दिसली. मी भाषण बदलू शकले असते. तेव्हाही वेळ होता. नाही बदललं. वीस मिनिटं वाचा, वीस मिनिटं पुस्तक मिटून सांगा, वीस मिनिटं दुसऱ्याला विचारू द्या. आणि शेवटी एका मुलाने विचारलं, मॅडम, तुम्हाला कुणी शिकवलं? दीडशे मुलं होती. ती होती. मी म्हटलं, माझी मीच शोधून काढली.

ती ऐकत होती. अगदी ओट्यावर बसून ऐकायची तशीच, मान थोडी कलती. हात मांडीवर, आणि पदराच्या कडेचा एक सुटलेला धागा बोटांनी ओढत होती.

भाषण संपल्यावर मी तिच्याकडे गेले. जावंच लागलं, पल्लवी हात धरून घेऊन गेली. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, खोच नव्हती. मी प्रश्नाचं उत्तर चुकले की ती जशी बघायची तसं बघत होती.

"वीस मिन्टं जास्ती हुई जातस," ती म्हणाली. "एक साडी पंधरा मिन्टमा व्हई जाये."

मग पल्लवीला घेऊन ती कॅन्टीनकडे गेली, वर्ग कुठे भरणार ते पाहायला. तिला तारखेचं कधी कळलं का, मला ठाऊक नाही. तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

त्या वर्षापासून भाषणात मी पंधरा मिनिटं सांगते. बाकीचं भाषण तेच आहे.